फ्यूजनमधला अवघड ब्रेक पाठ करताना

जॅझ फ्यूजनच्या बँडमध्ये काँगा, काहोन, जेंबे किंवा तबला घेऊन बसणाऱ्याची परीक्षा ब्रेकमध्ये होते. ठेका चालू असताना थोडं मागेपुढे झालं तरी ड्रमर आणि बासवाला सांभाळून घेतात. ब्रेकला सगळे ठरलेले आघात एकत्र मारतात, मध्ये दीड-दोन मात्रा कोणीच काही वाजवत नाही आणि मग सगळे एकदम उचलतात. तिथे तुमचा एक आघात जरी इकडचा तिकडे झाला तरी शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालासुद्धा ते कळतं.

नाशिकमध्ये या वाद्यांकडे येणारी मुलं साधारण दोन वाटांनी येतात. काही तबल्याच्या क्लासातून येतात, काही ढोल पथकातून. दोन्हीकडून येताना मोठी शिदोरी सोबत असते. तबल्याच्या मुलाला तिहाई (एकच तुकडा सलग तीनदा वाजवणं) कळते, मात्रांचा हिशेब कळतो, बोल तोंडपाठ असतात. पथकातल्या मुलाच्या अंगात ताकद असते आणि चाळीस जणांबरोबर एकाच क्षणी टिपरू पाडायची सवय असते. पण ब्रेक पाठ करायची वेळ आली की दोघेही थेट हातांनी सुरुवात करतात. यूट्यूबवर गाणं लावायचं, सोबत वाजवायचं, चुकलं की पुन्हा लावायचं. असा ब्रेक बसतो, पण तो त्या रेकॉर्डिंगला चिकटून बसतो. बँडने लय जरा वाढवली किंवा कीबोर्डवाल्याने आधीचा सोलो लांबवला की तो सुटतो.

माझं म्हणणं असं आहे की ब्रेक आधी पायात आणि तोंडात बसवावा. हातांकडे तो सगळ्यात शेवटी द्यावा. खालची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी लांबी, मग मजकूर

ज्या गाण्याचा ब्रेक बसवायचा आहे त्याचा तेवढाच तुकडा कापून घ्या. ब्रेकच्या आधीचे दोन बार (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन, बहुधा चार मात्रांचं), ब्रेक आणि नंतरचे दोन बार, एवढं पुरे. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर या कामाला उत्तम आहे. त्यात सूर न बदलता लय कमी करता येते आणि तुकडा फिरता ठेवता येतो. मोबाइलच असेल तर यूट्यूबचा वेग ०.७५ किंवा ०.५ वर आणूनही काम भागतं.

पहिल्या बैठकीत वाद्याला हात लावायचा नाही आणि आघातही मोजायचे नाहीत. फक्त पाय. ठेका चालू असताना पायाने मात्रा धरा आणि ब्रेक आला तरी पाय थांबू देऊ नका. ब्रेक संपून ठेका परत सुरू होतो तेव्हा पाय समेवर, म्हणजे बारच्या पहिल्या मात्रेवर, आहे का, ते पाहा. असेल तर ब्रेक किती मात्रांचा आहे हे तुम्हाला आता कळलं. नसेल तर ब्रेकमध्ये कुठेतरी जादा दोन मात्रा आहेत किंवा अर्धी मात्रा कापलेली आहे. फ्यूजनमध्ये हे सर्रास होतं: चारचे तीन बार आणि मग मध्येच सात अर्ध्या मात्रांचा एक बार. लांबी नक्की होईपर्यंत पुढे जायचं नाही. आत कुठे काय वाजतं याचा शोध लांबी कळल्यावर निम्म्या वेळात लागतो.

इथे तबला शिकलेल्यांसाठी एक इशारा. आपला कान अशा तऱ्हेने तयार झालेला असतो की जोरकस शेवटचा आघात म्हणजे सम. फ्यूजनचे कितीतरी ब्रेक समेच्या अर्धी मात्रा आधी संपतात. सगळा बँड तिथेच उतरतो आणि खरी सम कोणीही वाजवत नाही. आपल्याकडे समेच्या आधी येण्याला अनागत म्हणतात, ही कल्पना आपल्याला परकी नाही. पण तबल्याच्या मैफलीत अनागत हा मुद्दाम दाखवायचा चमत्कार असतो, इथे तो रोजचा व्यवहार आहे.

माझ्याकडे येणारा एक मुलगा तबल्याच्या परीक्षा देऊन आलेला, हात स्वच्छ. इंदिरानगरमधल्या तालमीच्या खोलीत एकच ब्रेक तो पुन्हा पुन्हा वाजवत होता. "सर, मी बरोबर वाजवतोय, पण बँड मागे राहतो," असं त्याचं गाऱ्हाणं. वाजवताना त्याच्या पायाकडे पाहिलं तर सगळं कळलं. शेवटच्या आघाताबरोबर त्याचा पाय खाली येत होता. तो आघात चौथ्या मात्रेच्या मध्यावरचा, म्हणजे पाय तिथे वर असायला हवा. त्याने तीच सम धरली होती आणि तिथून पुढचा त्याचा सगळा ठेका अर्ध्या मात्रेने सरकत होता. हाताची एकही चूक नव्हती. शेवटच्या आघाताला पाय वर ठेवायचा आणि नंतर रिकाम्या समेवर तो आपटायचा, एवढीच दुरुस्ती केली आणि ब्रेक जागेवर आला.

चौकटींची वही

आता ब्रेक लिहायचा. पाश्चात्त्य स्वरलेखन येत असेल तर छानच, नसेल तर गणिताची चौकटींची वही घ्या. एका मात्रेचे चार भाग, म्हणजे चार मात्रांच्या एका बारला सोळा चौकटी. आघात असेल तिथे धा, नसेल तिथे ऽ.

समजण्यासाठी दोन बारांचा एक ब्रेक घेऊ. हा मी या लेखासाठी रचला आहे, पण खऱ्या ब्रेकमध्ये अडचणीच्या ज्या जागा असतात त्या सगळ्या यात आहेत.

पहिला बार: धा ऽ ऽ धा | ऽ ऽ धा ऽ | ऽ ऽ धा ऽ | ऽ धा ऽ ऽ

दुसरा बार: ऽ ऽ ऽ ऽ | ऽ ऽ ऽ ऽ | धा ऽ ऽ धा | ऽ ऽ धा ऽ

बारच्या सुरुवातीला आणि प्रत्येक उभ्या रेघेनंतर पाय पडतो. पाहा, एकूण आठ आघात आहेत आणि त्यातले फक्त दोन पायाबरोबर आहेत: पहिला, आणि दुसऱ्या बारमधल्या तिसऱ्या मात्रेवरचा. बाकी सहा पायाच्या अधेमधे. शेवटचा धा दुसऱ्या बारच्या चौथ्या मात्रेच्या मध्यावर आहे. बँड तिथे उतरतो आणि पुढची सम मोकळी जाते.

हे आठ आघात आणि मधल्या रिकाम्या जागा सुट्या सुट्या लक्षात ठेवू गेलात तर डोकं भरून जाईल. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलं होतं की तात्पुरत्या स्मरणात एका वेळी साधारण सात गोष्टी मावतात, पण त्यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक अख्खा गठ्ठाही असू शकतो. तेव्हा गठ्ठे बांधायचे. वरचा ब्रेक आघातांमधल्या अंतराने वाचला तर असा होतो: ३+३+४+३+३, मग ८ रिकाम्या, मग ३+३+२. बेरीज ३२, दोन बार पूर्ण. गठ्ठे तीनच, आणि पहिल्याच्या मध्ये चार ठेवून दोन्ही बाजूंना तीन-तीन, म्हणजे उलटसुलट वाचलं तरी तेच. हा आकार एकदा डोळ्यांना दिसला की विसरणं अवघड.

बेरीज दर वेळी तपासा. ती जुळत नसेल तर ऐकण्यात चूक आहे, आणि ती चूक हातात बसल्यानंतर काढण्यापेक्षा वहीवर खोडणं फार सोपं.

पढंत

पढंत म्हणजे बोल तोंडाने तालात म्हणणं. कर्नाटक पद्धतीत दोन ते पाच अक्षरांच्या गटांना ठरलेले बोल आहेत: दोनला तक, तीनला तकिट, चारला तकधिमि, पाचला तदिगिणतोम. सातला तकिट तकधिमि म्हणता येतं. फ्यूजनवाल्यांमध्ये हे बोल जगभर चालतात, त्याला कारणही आहे. १९७० च्या दशकात गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या शक्ती या गटात झाकिर हुसेन यांचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचं घटम शेजारी शेजारी बसले, आणि दोन्ही परंपरांचा हिशेब एकाच रंगमंचावर आला. मुंबईचे त्रिलोक गुर्टू तबल्यावरून ड्रम्स आणि इतर तालवाद्यांकडे गेले ते बोल सोबत घेऊनच. तौफिक कुरेशी यांनी तर जेंबेवर तबल्याचे बोल बसवून त्या वाद्याची भाषाच आपल्या कानाजवळ आणली. या सगळ्यांनी आधी म्हटलं आणि मग वाजवलं, त्यामुळे पढंतीला कमी लेखू नका.

आपला ब्रेक असा म्हणायचा:

तकिट तकिट तकधिमि तकिट तकिट
(मनात) तकधिमि तकधिमि
तकिट तकिट तक

बोल परके वाटत असतील तर आपल्या जिल्ह्यातली ओळखीची नावं घ्या. लहान मुलांच्या वर्गात मी हेच करतो आणि मोठ्यांनाही ते चटकन बसतं. उच्चाराने मोजलं तर दिंडोरी तीन अक्षरांची, गोदावरी चारची, सिन्नर (सिन्-नर) दोनचं, इंदिरानगर पाचचं. मग ब्रेक होतो: दिंडोरी दिंडोरी गोदावरी दिंडोरी दिंडोरी, शांतता, दिंडोरी दिंडोरी सिन्नर. प्रत्येक अक्षराला पाव मात्रा, सगळी अक्षरं सारख्या अंतरावर. बोलताना ‘नाशिक रोड’सारखं नाव वापरू नका, त्यात अक्षरं आखूड-लांब होतात आणि लय लंगडते.

पढंतीचे टप्पे असे ठेवा. आधी पाय चालू करून सगळी अक्षरं मोठ्याने म्हणा, प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर जोर देऊन. ते न अडखळता येऊ लागलं की पहिलं अक्षर मोठ्याने आणि बाकीची कुजबुजत. मग पहिलं अक्षर मोठ्याने आणि बाकीची फक्त मनात. या तिसऱ्या टप्प्यावर बाहेर ऐकू येतो तो थेट ब्रेक असतो, पण तुमच्या आत सगळ्या चौकटी चालू असतात. पाय कुठल्याही टप्प्यावर थांबता कामा नये. थांबला तर मागच्या टप्प्यावर जा.

याला वाद्य लागत नाही, खोली लागत नाही. सिटीलिंकच्या बसमध्ये ओठ न हलवता म्हणता येतं. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालताना तर फारच उत्तम, कारण पावलं आपोआप मात्रा देतात आणि चालताना माणूस पाय थांबवू शकत नाही. अडखळलात तर पावलांची चाल बिघडते आणि लगेच कळतं. गाडी चालवताना मात्र हे करू नका, कानात इयरफोन घालून तर मुळीच नाही.

शेवटाकडून सुरुवातीकडे

बहुतेक जण ब्रेक पहिल्या आघातापासून पाठ करतात. त्यामुळे सुरुवात शंभर वेळा घोटली जाते आणि शेवट, जिथे सगळ्यात जास्त धोका असतो, तो कच्चा राहतो. मी उलटं करायला सांगतो.

आधी फक्त शेवटचा धा आणि त्यानंतरचे ठेक्याचे दोन बार. पाय चालू, तीन मात्रा मोजा, चौथीच्या मध्यावर धा, मोकळ्या समेवर फक्त पाय, मग ठेका. एवढंच, जोपर्यंत ते सहज होत नाही तोपर्यंत. मग शेवटचे तीन धा आणि ठेका. मग रिकाम्या दोन मात्रा, तीन धा आणि ठेका. मग पहिल्या बारचा शेवटचा तकिट जोडून तिथून पुढे. असं मागे मागे सरकत पहिल्या आघातापर्यंत या. यात गंमत अशी होते की वाजवताना तुम्ही कायम अनोळखीकडून ओळखीच्या जागेकडे जात असता. जसजसे पुढे जाल तसतशी खात्री वाढते. पुढून पाठ केलं की नेमकं उलटं होतं, आणि रंगमंचावर ती धाकधूक चेहऱ्यावर दिसते.

रिकामी जागा

ब्रेक चुकण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे जिथे काहीच वाजत नाही ती. आठ रिकाम्या चौकटी, म्हणजे दोन मात्रा. लय १२० असेल तर एक सेकंद, ६० असेल तर दोन. ऐकताना क्षुल्लक वाटतं. वाजवताना त्या एका सेकंदात माणूस घाईवर येतो आणि पुढचा धा आधीच पडतो. शांततेत घाई होणं हे जवळजवळ सगळ्यांचं होतं, कारण आघात नसले की आत मोजणंही थांबतं.

उपाय एकच: रिकामी जागा भरलेली ठेवायची. आत तकधिमि तकधिमि पूर्ण म्हणायचं, अंदाजाने ‘एवढं थांबू’ असं नाही. सुरुवातीला त्या आठ चौकटी मांडीवर बोटांनी हलक्या वाजवा. मग बोटं थांबवा, बोल ठेवा. शरीराची एक खूणही बांधून घ्या: रिकामी जागा सुरू होताना मी श्वास सोडतो आणि तिसऱ्या मात्रेच्या जरा आधी घेतो. तबल्याचे कितीतरी जाणकार दमदार तिहाईच्या दमात, म्हणजे तुकड्यांमधल्या विश्रांतीत, हेच करतात.

मग मेट्रोनोमची, म्हणजे ठरलेल्या लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राची, कसोटी. आधी दर मात्रेला टिक. नंतर त्याची गती निम्मी करा म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेलाच टिक येईल. नंतर बारला एकच. शेवटी असं ॲप वापरा ज्यात काही बार गप्प करता येतात: दोन बार टिक, दोन बार शांत, आणि ब्रेक त्या शांत बारांत बसवा. परत टिक आली तेव्हा तुम्ही तिच्यावर असलात तर लय तुमची स्वतःची झाली. पथकातून आलेल्या मुलांनी हा भाग मुळीच टाळू नये. पथकात टोल आणि ताशा सतत कानात असतो, चाळीस जण आजूबाजूला असतात, त्यामुळे एकट्याने लय धरून ठेवायची वेळच येत नाही. ब्रेकच्या शांततेत तुम्ही अगदी एकटे असता.

आता हात

हात कुठला, हे एकदा ठरवा आणि बदलू नका. सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे एकाआड एक. विषम चौकटीला उजवा, सम चौकटीला डावा. मग आपल्या ब्रेकमध्ये पहिला धा उजव्याने, चौथ्या चौकटीचा डाव्याने, सातव्या आणि अकराव्याचा उजव्याने, चौदाव्याचा डाव्याने येतो. दुसऱ्या बारात उजवा, डावा, उजवा.

आधी सगळ्या चौकटी अगदी हलक्या वाजवा, बोटांच्या टोकांनी, आणि फक्त धा जोराने. काँग्यावर हलक्या जागी टाच-बोट आणि धाला मोकळा टोन किंवा स्लॅप, काहोनवर कडेला बोटं आणि धाला स्लॅप किंवा बास. हे सलग सोळाचं चाक फिरू लागलं की हलके आघात एकेक कमी करत न्या, हाताची हालचाल हवेत चालू ठेवा. शेवटी फक्त धा उरतात, पण हात अजून सगळ्या चौकटी मोजत असतात. पायाबरोबर मोजणारी ही दुसरी यंत्रणा तयार होते, आणि भीतीने एक बंद पडली तर दुसरी तारून नेते.

डावखुरे असाल तर उलटं करा. लयीमुळे एकाआड एक जमत नसेल, किंवा दोन काँग्यांवर हात एकमेकांत अडकत असतील, तर वेगळा क्रम बसवायला हरकत नाही. पण तो वहीत धाच्या खाली उ आणि डा असा लिहून ठेवा.

प्रत्येक आघात तुम्ही वाजवायलाच हवा असंही नाही. ड्रमर, बास आणि कीबोर्ड मिळून आठही धा मारत असतील तर परकशनने पहिला, मधला आणि शेवटचे तीन एवढेच घेतले तर ब्रेक उलट जास्त धारदार होतो. बँडशी बोलून हे ठरवा. पाठ मात्र आठही हवेत, कमी वाजवण्याचा अधिकार त्यानंतरच.

पाच, सात, नऊ

विषम गट चारच्या पायावर फिरताना घाबरवतात, पण त्यांची एक सवय आहे. पाच-पाचचे गट समेपासून सुरू केले तर प्रत्येक गटाची सुरुवात पायापासून पाव मात्रेने पुढे सरकते: पहिला पायावर, दुसरा दुसऱ्या मात्रेच्या पावावर, तिसरा तिसरीच्या अर्ध्यावर, चौथा चौथीच्या पाऊणवर, आणि पाच मात्रा संपल्यावर पुन्हा पायावर. तीनचे गट तीन मात्रांनी पायाला भेटतात, सातचे सात मात्रांनी. या भेटीच्या जागा वहीत लाल पेनने खुणावून ठेवा. लांब ब्रेकमध्ये तेवढ्याच जागा धरून ठेवल्या की मधलं आपोआप उलगडतं.

मूळ तालच विषम असेल तर आपली पूर्वतयारी कधी मदत करते, कधी आडवी येते. सात म्हटलं की आपल्याला रूपक आठवतो: ३+२+२, आणि पहिल्या मात्रेवर खाली, म्हणजे ती मात्रा रिकामी. फ्यूजनमधला सात पुष्कळदा २+२+३ असतो, सम भरलेली. रूपकाच्या सवयीने ऐकलं तर ब्रेक भलतीकडेच सुरू झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी आधी त्या गाण्याची विभागणी पायात घ्या, तक तक तकिट असं म्हणत पाच मिनिटं चाला, मग ब्रेककडे वळा. नऊचंही तसंच. अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांनी १९५८ च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर वादकांकडून २+२+२+३ असा नऊ ऐकला आणि तो जॅझमध्ये आणला. तीन तीनच्या नऊची सवय असलेल्या कानाला तो सुरुवातीला अडखळल्यासारखा लागतो.

तिहाईसारखा ब्रेक असेल तर तुम्ही घरच्या मैदानावर आहात. तुकड्याची लांबी तिप्पट अधिक दम दुप्पट, आणि पुढच्या समेवर यायचं असेल तर उत्तर एकूण जागेपेक्षा एकने जास्त. अर्ध्या मात्रेच्या हिशेबाने दोन बार म्हणजे १६ जागा. पाचचा तुकडा तीनदा आणि एकचा दम दोनदा, झाले १७, शेवटचा आघात समेवर. आता तोच ब्रेक अर्धी मात्रा आधी संपवायचा असेल तर १६ हवेत: चारचा तुकडा तीनदा आणि दोनचा दम दोनदा. हा हिशेब येत असेल तर बँडमध्ये ऐन वेळी बदल झाला तरी तुम्ही पाच मिनिटांत नवा ब्रेक बसवता.

लय वाढवताना

मूळ लयीच्या निम्म्याने सुरुवात करा आणि थोडी थोडी वाढवत न्या. एक लक्षात घ्या: अगदी संथ लयीत आपण चौकटी मोजतो, द्रुत लयीत गटांचे आकार ओळखतो. ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून फक्त संथ लयीत घोटलेला ब्रेक द्रुतमध्ये आपोआप येत नाही. मधल्या लयीत कुठेतरी मोजणं सुटून आकार दिसायला लागतो, तिथे जास्त वेळ द्या. शेवटी मूळ लयीपेक्षा पाच-दहाने जास्तही वाजवून पाहा. कार्यक्रमात बँड हमखास पुढे धावतो.

एका बैठकीत दोन तास घोटण्यापेक्षा दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं चांगली. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं की अंतर ठेवून केलेलं पाठांतर जास्त टिकतं. रात्री झोपण्याआधी एकदा पढंत, सकाळी उठल्यावर वही न पाहता एकदा. सकाळी जिथे अडलात तोच कच्चा भाग, त्या दिवशी तिथेच काम करायचं.

ब्रेकच्या आजूबाजूचं

ब्रेक येतो कधी, हे माहीत नसेल तर तो कितीही पक्का असून उपयोग नाही. गाण्याचा नकाशा वहीच्या डाव्या पानावर काढा: मुखडा दोनदा, ब्रेक, सोलो, ब्रेक, शेवट. पुष्कळ गाण्यांत ब्रेक पहिल्यांदा एक आणि दुसऱ्यांदा वेगळ्या शेवटाचा असतो, तो फरक लाल रंगात. सोलोनंतरचा ब्रेक सगळ्यात घातक, कारण सोलो किती लांबेल ते आधी कळत नाही. इशारा कोण देणार ते तालमीतच ठरवा. ड्रमरचा फिल, कीबोर्डवाल्याची ठरलेली धून किंवा मान हलवणं, काहीही चालेल, पण एकच माणूस आणि एकच इशारा. सराव करतानाही थेट ब्रेकपासून कधी सुरू करू नका. ठेक्याचे निदान दोन बार आधी हवेतच.

बँडच्या तालमीत पहिल्यांदा वाद्यं बाजूला ठेवून सगळ्यांनी टाळ्यांनी ब्रेक करा, पाय एकत्र ठेवून. गिटारवाल्याची सम भलतीकडे आहे हे तिथे दोन मिनिटांत दिसतं. वाद्यांवर ते शोधायला अर्धी तालीम जाते.

उघड्या जागेवरचा कार्यक्रम असेल, मग तो लॉनवरचा असो की सुलासारख्या विनयार्डच्या रंगमंचावरचा, तर ड्रमरच्या शेजारी जागा मागून घ्या. आवाजाला दहा मीटर यायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. लय १२० असताना एक चौकट १२५ मिलिसेकंदांची असते, म्हणजे रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला बसलात तर जवळजवळ पाव चौकट उशिरा ऐकू येतं. शेजारी जागा नसेल तर मॉनिटरमध्ये (वादकांना ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) ड्रम्स आणि बास एवढंच मागा आणि ब्रेकमध्ये ड्रमरच्या उजव्या हातावर नजर ठेवा.

आणि ब्रेकमध्ये चुकलातच तर हात उचला आणि पाय चालू ठेवा. सुटलेला आघात कोणाला ऐकू येत नाही, चुकीच्या जागी पडलेला येतो. शेवटच्या धासाठी थांबा, तो मिळाला नाही तर मोकळी सम पायावर जाऊ द्या आणि दुसऱ्या मात्रेपासून ठेका धरा.

वही जपून ठेवा. बसलेले ब्रेक महिन्यातून एकदा फक्त पढंतीने फिरवून घ्या, आणि जो अडखळेल त्याला पुन्हा शेवटच्या धापासून सुरुवात करा.